पाचवीचा वर्ग, पटावर ४६: विशेष गरजा असलेल्या मुलांसाठी तुम्ही हाताने नेमकं काय करता?

खडूवाली:

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसती वाचत होते, आज विचारायचंय म्हणून धागा काढला.

अनुदानित मराठी शाळा, तालुक्याचं गाव, पाचवीचा वर्ग. पटावर ४६. शिक्षण हक्क कायद्यात प्राथमिकला साधारण ३० मुलांमागे एक शिक्षक लिहिलाय, पण दुसऱ्या तुकडीला मंजुरी नाही, तेव्हा तो विषय इथे नको.

तीन मुलांबद्दल विचारायचंय. (ओळख पटू नये इतपत तपशील बदललेत.)

पहिला मुलगा तोंडी विचारलं तर सूर्यमाला, जलचक्र, महाराष्ट्रातल्या नद्या घडाघडा सांगतो. वहीत मात्र 'घर'चं 'धर', 'भात'चा 'मात'. जोडाक्षर आलं की पेन तिथेच थांबतं. फळ्यावरच्या चार ओळी त्याच्या उतरवून होईपर्यंत मी फळा पुसलेला असतो. दुसरी मुलगी. तिला श्रवणयंत्र आहे आणि ते कायम दप्तराच्या आतल्या कप्प्यात असतं. तिसऱ्याचं काय आहे ते कुणालाच नक्की माहीत नाही. घंटा वाजली की कान गच्च धरून बाकाखाली शिरतो, चित्रकलेच्या तासाला गणित घेतलं की रडून गोंधळ घालतो, बोलतो ती बहुतेक जाहिरातींमधली वाक्यं. आई म्हणते हूड आहे, आजी म्हणते दृष्ट लागलीय.

प्रशिक्षणं झाली आहेत. समावेशक शिक्षणाची व्याख्या मला तोंडपाठ आहे. ३५ मिनिटांच्या तासात, एवढी मुलं समोर असताना, तुम्ही काय करता ते सांगा. आणि पाचवी-आठवीला आता पुन्हा वार्षिक परीक्षा आलीय. नापास झाला तर फेरपरीक्षा, त्यातही नाही जमलं तर त्याच वर्गात. पहिल्या मुलाचं त्यात काय होणार ही धास्ती वेगळीच.

गटसाधनवाला:

खडूवाली ताई, मी गटसाधन केंद्रावर (तालुक्यातल्या शाळांना मदत करणारं सरकारी केंद्र) विशेष शिक्षक आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये प्राथमिकला विशेष गरजा असलेल्या १० मुलांमागे एक आणि त्यापुढच्या वर्गांना १५ मुलांमागे एक विशेष शिक्षक असं प्रमाण सांगितलं. आमच्या वाट्याला किती मुलं येतात ते विचारू नका. एका शाळेत माझं पुन्हा जाणं कधी होईल ते मलाच ठाऊक नसतं. म्हणजे रोजचं काम वर्गशिक्षकाचंच आहे, हे कटू असलं तरी धरून चला.

पहिल्या मुलाला अमुक आहे असं मी इथून म्हणणार नाही. निदान मानसशास्त्रज्ञ आणि डॉक्टर करतील. पण मदत सुरू करायला निदान लागत नाही, कागद लागत नाही, वरिष्ठांची परवानगीही लागत नाही. हे मी दर प्रशिक्षणात सांगतो आणि दर वेळी कुणीतरी विचारतं, 'सर, आधी प्रमाणपत्र येऊ द्या ना?'

फळ्यावरून उतरवून घेणं आधी थांबवा. या मुलाला फळा बघायचा, अक्षर डोक्यात धरायचं, मान खाली घालायची, जागा शोधायची, काढायचं, पुन्हा वर बघून ओळ शोधायची, एवढं सगळं करावं लागतं. बाकीच्यांना ते जाणवतही नाही. त्याला तोच मजकूर जवळ, बाकावर द्या. शेजारच्याची वही चालेल, तुमच्या टाचणवहीचं पान चालेल. तेही त्याने अर्धंच उतरवलं तरी चालेल, उरलेलं चिकटवा. फळ्याचे उभे दोन भाग करा आणि उजवा भरत आला की डावा पुसा. त्याचा फायदा वर्गातल्या दहाबारा मुलांना होतो, ती फक्त बोलत नाहीत.

वाचनासाठी जुन्या पुठ्ठ्यात एका ओळीएवढी खिडकी कापा. ओळीवर ठेवायची आणि सरकवायची. शून्य रुपये खर्च. सरावात घ आणि ध शेजारी शेजारी ठेवू नका, तसंच भ आणि म. बहुतेक जण फरक दाखवायला मुद्दाम एकत्र घेतात आणि गोंधळ पक्का होतो. एक अक्षर पुरतं बसल्यावर काही आठवड्यांनी दुसरं. जोडाक्षर आधी फोडून म्हणवून घ्या, मग जोडून. रफार सर्वांत शेवटी. 'प्र' आणि 'र्प' यात भलेभले अडकतात.

आणि गृहपाठ कमी करा, सोपा करू नका. दहा प्रश्नांतले चार द्या, पण चारही पाचवीचेच हवेत. हुशार पोराला दुसरीचं पुस्तक दिलं की तो तुमच्यावरही चिडतो आणि पुस्तकावरही.

वायरमन:

मी शिक्षक नाही. पण त्या पहिल्या पोराच्या जागी होतो म्हणून लिहितो. हे बोलून टंकतोय, चुका असतील तर सांभाळून घ्या.

सिनेमामुळे लोकांना वाटतं की अक्षरं नाचतात. माझी कधी नाचली नाहीत. अक्षर जागेवरच असतं, पण ते कुठलं हे ठरवायलाच सगळा लोड खर्च होतो, अर्थापर्यंत करंट पोचत नाही. वाक्य संपलं की सुरुवात विसरलेली. तोच धडा कुणी वाचून दाखवला की एकदम लख्ख.

सगळ्यात वाईट काय, तर ओळीने उभं करून वाचायला लावणं. माझ्यापर्यंत नंबर यायला किती पोरं आहेत ते मोजायचो आणि माझ्या वाट्याला कुठला परिच्छेद येईल ते हुडकून पाठ करत बसायचो. एखादा गैरहजर निघाला की हिशेब चुकायचा. त्यात वर्गात काय शिकवलं हे कानावरच पडायचं नाही. बाई, त्याला वाचायला लावायचंच असेल तर आदल्या दिवशी सांगा, 'उद्या तुझ्याकडे ही तीन वाक्यं.' घरून तयारी करून येईल. आम्हाला भूगोलाच्या सरांनी नकाशावर बोलायला फळ्यापाशी उभं केलं होतं. वर्गाला तेव्हा कळलं की याला येतं. पुढे आयटीआय केलं, आज स्वतःचा परवाना आहे. सर्किटचा नकाशा मला कुणाहीपेक्षा लवकर वाचता येतो.

जुनाजाणता:

कुणाला राग येईल, पण लिहितो. आमच्या वेळी ६०-६० पोरं असायची, छडी असायची आणि सगळी वाचायला शिकली. आता प्रत्येकाला काहीतरी 'आहे'. एकासाठी वेगळा गृहपाठ, एकासाठी वेगळा कागद, मग उरलेल्या पोरांचं काय? त्यांनी नीट असल्याची शिक्षा भोगायची? आणि या सवलतींचं पुढे काय होतं तेही बघितलंय. नववीपर्यंत कुणाला काही नसतं, दहावीचा फॉर्म भरायची वेळ आली की प्रमाणपत्रांची रांग लागते.

वायरमन:

काका, सगळी नाही शिकली. जी शिकली नाहीत ती तुमच्या वर्गात पुढच्या वर्षी नव्हती, एवढंच.

ठाणेकरीण:

जुनाजाणता, दहावीच्या तोंडावरच्या रांगेबद्दल तुमचं म्हणणं अगदीच खोटं नाही. पण त्या रांगेत खरी मुलंही असतात. आधी कुणी सांगितलंच नाही म्हणून उशिरा आलेली. माझा मुलगा आठवीत आहे, अध्ययन अक्षमतेचं (वाचन, लेखन, गणित शिकण्यातल्या अडचणीचं) प्रमाणपत्र आहे. कसं मिळालं ते लिहिते, कुणाला उपयोग होईल.

आधी डोळे आणि कान तपासून घ्यावे लागतात. नीट दिसत किंवा ऐकू येत नसेल तर पुढचं सगळंच बदलतं. मग बुद्ध्यांक चाचणी, मग वाचन, लेखन, गणिताच्या शैक्षणिक चाचण्या. शाळेचा अहवाल लागतो, वह्यांच्या प्रती लागतात. त्या रंगवलेल्या सुंदर वह्या नकोत, खऱ्या वह्या न्या! केंद्राच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार हे प्रमाणपत्र आठ वर्षांच्या आधी देत नाहीत, पुढे १४ आणि १८ व्या वर्षी पुन्हा तपासणी. १८ व्या वर्षीचं मग कायमचं. आम्ही गेलो ते मोठं सरकारी रुग्णालय होतं. डॉक्टर चांगले, पण तारखांवर तारखा. नोकरी करणाऱ्या आईबापांनी रजा साठवून ठेवाव्यात आणि पाचवीतच सुरुवात करावी. खडूवाली, म्हणून तुमचा मुलगा आत्ता योग्य वयात आहे.

सवलतींबद्दल एक सावधगिरी. महाराष्ट्राने १९९६ मध्येच दहावीला या मुलांसाठी सवलती सुरू केल्या, इतर राज्यं बरीच नंतर आली. जादा वेळ, लेखनिक, शुद्धलेखनाच्या चुकांचे गुण न कापणं, एखाद्या भाषेतून सूट, बीजगणित-भूमितीऐवजी सातवीच्या पातळीचं अंकगणित असं बरंच मिळतं. पण मिळतंय म्हणून सगळं घेऊ नका. सातवीचं गणित घेतलं की विज्ञान शाखा, पॉलिटेक्निक, तिकडचे रस्ते बंद होतात. आमच्या ओळखीतल्या एका मुलीला हे अकरावीच्या प्रवेशाच्या वेळी कळलं. आम्ही फक्त जादा वेळ आणि शुद्धलेखन एवढंच घ्यायचं ठरवलंय.

आणि 'बाकीच्या पोरांचं काय' याबद्दल. माझ्या मुलाला तीन तासांच्या पेपरला एक तास जास्त मिळतो. तो तास तुमच्या मुलाला दिला तर तो वीस मिनिटं खिडकीबाहेर बघेल आणि पेपर देऊन निघून जाईल. माझ्या मुलाचा हात शेवटच्या मिनिटापर्यंत चालू असतो.

श्रवणयंत्र:

त्या मुलीच्या दप्तरातल्या यंत्राबद्दल. मला लहानपणापासून दोन्ही कानांना कमी ऐकू येतं.

यंत्र लावल्यावर सगळं नीट ऐकू येतं हा ऐकू येणाऱ्यांचा समज आहे. यंत्र सगळंच मोठं करतं. पंखा, बाक सरकवणं, शेजारच्या वर्गातले पाढे, मैदानावरची कवायत. बाईंचा आवाज त्यात कुठेतरी असतो. दिवसभर लावून डोकं दुखतं. दुसरं कारण, पोरं चिडवतात. तिसरं अगदी साधं, सेल संपलेला असतो आणि घरी कुणी आणलेला नसतो. आधी सेल बघा. साचा, म्हणजे यंत्राचा कानात बसणारा भाग, टोचतोय का तेही विचारा. मूल वाढतं तसा कान वाढतो आणि जुना साचा बसत नाही, शिट्टी वाजायला लागते.

बसायला सरसकट पहिला बाक नको. पहिल्या बाकावरून मागच्या मुलांचं बोलणं कळत नाही, आणि वर्गात निम्मं शिक्षण मुलांच्या उत्तरांतून होतं. दुसऱ्या-तिसऱ्या रांगेत, कडेला, चांगला कान वर्गाकडे. खिडकी तुमच्या पाठीमागे नको, नाहीतर तुमचा चेहरा काळा दिसतो आणि ओठ वाचता येत नाहीत. फळ्याकडे तोंड करून बोलू नका. लिहा, वळा, मग बोला. मुलांनी उत्तर दिलं की तुम्ही ते एकदा म्हणा. ओरडू नका, ओरडल्यावर ओठांचा आकार बदलतो.

आणि 'कळलं का?' असं विचारू नका. मी सात वर्षं त्या प्रश्नाला 'हो' म्हणालेय.

खडूवाली:

सगळ्यांचे आभार. श्रवणयंत्र ताई, आज बघितलं. सेल खरंच संपलेला होता. कधी संपला ते तिला आठवत नाही. खिडकी माझ्या पाठीमागेच आहे, टेबल हलवायला उद्या शिपाईमामांना सांगते.

गटसाधनवाला सर, पहिल्या मुलाचं गणितात एक विचित्र आहे. बेरीज बरोबर करतो, पण मी आकडे तोंडी सांगितले की सगळं उलटं. पंचवीस सांगितलं की ५२.

गटसाधनवाला:

विचित्र काही नाही. मराठीत पंचवीस ऐकताना पाच आधी येतो, लिहायचा मात्र दोन आधी. एकोणचाळीस ऐकलं की कानात चाळीस राहतं आणि मूल ४९ लिहितं. बहुतेक मुलं पाठांतराने यातून बाहेर पडतात, ही मुलं पडत नाहीत. आणि मग पाढे, वजाबाकी, पैशांचा हिशेब सगळीकडे तेच. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस पाच' अशीही वाचनाची पद्धत दिली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता आठवत असेल. भाषा बुडाली म्हणून लोक ओरडले. मला तेव्हाही ती चांगली वाटली होती आणि आजही मी वापरतो. त्या मुलाला आकडा सांगताना 'पंचवीस, वीस आणि पाच' असं दोन्ही सांगा. दशकाच्या आणि सुट्ट्या काड्या हातात द्या. चाचणीत आकडे तोंडी घालताना फळ्यावरही लिहा, कारण तुम्हाला बेरीज तपासायची आहे, ऐकणं नाही.

आता तिसरा मुलगा. जाहिरातींची वाक्यं, आवाजाचा त्रास, ठरलेलं बदललं की कोसळणं, हे ऐकून स्वमग्नतेची (ऑटिझमची) तपासणी व्हायला हवी असं वाटतं, त्यापलीकडे मी काही बोलणार नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत तपासणीला येतं ना? ते वजन-उंची, दात बघून जायच्या आत या मुलाचं नाव त्यांच्या हातात द्या. तिथून जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राला पाठवतात, १८ वर्षांपर्यंतच्या मुलांना पाठवता येतं. आई 'हूड' म्हणतेय तर तिला निदानाचं नाव घेऊन घाबरवू नका. 'घंटेचा त्याला त्रास होतो, एकदा कान आणि बाकीचं तपासून घेऊ' एवढं पुरे.

तोपर्यंत वर्गात दिवसाच्या तासांची चित्रं क्रमाने एका पट्टीवर चिकटवून त्याच्या बाकावर लावा. गणिताला आकडे, चित्रकलेला ब्रश, खेळाला चेंडू. एक तास झाला की ते चित्र तो उलटं करेल. तास बदलणार असेल तर सकाळीच त्याच्यासमोर चित्र बदला. घंटेआधी दोन मिनिटं खूण करा, कान झाकायचे तर झाकू दे, किंवा तेवढ्या वेळात त्याला कार्यालयात हजेरीपट द्यायला पाठवा. जाहिरातीचं वाक्य म्हणाला तर हसू नका, ते बऱ्याचदा काहीतरी मागणं असतं. कुठलं वाक्य कधी येतं ते आठवडाभर लिहून ठेवलं तर उलगडेल.

आणि हात जोडून सांगतो, कुणाचाही खेळाचा तास शिक्षा म्हणून कापू नका. ज्यांना बसवत नाही त्यांचाच कापला जातो आणि मग दुपारी तेच वर्ग डोक्यावर घेतात.

एडिसनकर:

न्यू जर्सीहून. मुलीला एडीएचडी (लक्ष टिकवण्यातली अडचण आणि अतिचंचलता) आहे, इथल्या सरकारी शाळेत सहावीत. इथे १९७५ च्या कायद्यापासून प्रत्येक पात्र मुलाचा लेखी वैयक्तिक आराखडा बनतो, पालकांच्या सहीशिवाय तो पहिल्यांदा लागू होत नाही. वाचायला छान वाटतं. प्रत्यक्षात बैठकीत समोर सहा जण बसतात आणि आपण इंग्रजीत भांडायची तयारी करून जातो. आमच्याकडेही तिला पहिल्या वर्षी काही मिळालं नव्हतं, गुण चांगले आहेत म्हणून.

पण एक गोष्ट तुमच्याकडे उचलता येईल. त्या जाड आराखड्याचा एकपानी गोषवारा प्रत्येक शिक्षकाच्या हातात असतो. मुलीला काय जमतं, कशाने अडतं, काय करायचं, काय करायचं नाही. बदली शिक्षक आला तरी पाच मिनिटांत वाचून वर्गात जातो. त्याला ना निधी लागतो ना कायदा.

रातपाळी:

मी रुग्णालयात नर्स आहे. धाग्याचा विषय थोडा बाजूला जातोय, पण शाळांमधून येणाऱ्या मुलांमध्ये हे नेहमी बघते. वर्गात कुणाला फिट येत असेल तर कांदा, चप्पल, चमचा काहीही नको. तोंडात काही घालू नका, हातपाय दाबून धरू नका, पाणी पाजू नका. कुशीवर वळवा, डोक्याखाली दप्तर किंवा शर्ट ठेवा, आजूबाजूची बाकं सरकवा, घड्याळ बघा. पाच मिनिटांपेक्षा जास्त चाललं किंवा शुद्धीवर न येता पुन्हा सुरू झालं तर १०८ ला फोन. आणि बाकीच्या मुलांना आधीच समजावून ठेवा, नाहीतर त्या मुलाशेजारी दुसऱ्या दिवशी कुणी बसत नाही. काही फिट अशाही असतात की मूल काही सेकंद नुसतं टक लावून बसतं आणि बाई म्हणतात लक्ष नाही. दिवसातून अनेकदा होत असेल तर पालकांना सांगा.

जुनाजाणता:

फिटचं माहीत नव्हतं. आम्ही कांदाच लावायचो.

बाकी माझा मूळ प्रश्न तसाच आहे. ४६ मुलांमध्ये एक बाई चित्रांच्या पट्ट्या बनवणार, आकडे दोनदा सांगणार, प्रश्नपत्रिका वाचून दाखवणार. कधी? वरून निवडणुकीची कामं, सर्वेक्षणं, पोषण आहाराचा हिशेब.

घंटा_झाली:

निवृत्त मुख्याध्यापक. जुनाजाणता यांचा हा प्रश्न रास्त आहे आणि त्याला उत्तर देताना शिक्षकांच्या त्यागाच्या गोष्टी सांगू नयेत. माणसं कमी आहेत, हे खरं आहे. ते शासनालाच सोडवावं लागेल.

पण वर सांगितलेल्यातलं निम्मं काम जादा नाही, बदली आहे. फळा दोन भागांत लिहिणं, वळून बोलणं, आकडा लिहून दाखवणं, याला वेगळा तास लागत नाही. वेळ लागतो तो वेगळ्या कागदाला. तो सगळ्या विषयांना करायचा नाही, एका विषयापासून सुरू करायचा.

मूल्यमापनाबद्दल बोलतो, कारण तिथे शिक्षक विनाकारण घाबरतात. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आपल्याकडे २०१० पासून आहे. आकारिक, म्हणजे वर्षभर चालणाऱ्या मूल्यमापनात तोंडी काम, प्रयोग, उपक्रम, प्रकल्प ही साधनं आहेतच. परिसर अभ्यासात तो मुलगा नद्या तोंडी सांगतोय तर तोंडी कामाचे गुण द्या आणि वर्णनात्मक नोंदीत तसं लिहा. परिसर अभ्यासाच्या उत्तरातली वेलांटी तपासू नका, ती मराठीच्या पेपरात तपासा.

दुसरं, यू-डायसवर, म्हणजे शाळा-विद्यार्थ्यांच्या सरकारी ऑनलाइन माहितीत नोंद. श्रवणयंत्र असलेल्या मुलीची तिथे दिव्यांग म्हणून नोंद आहे का ते आजच बघा. नसेल तर समग्र शिक्षा या सरकारी योजनेचं काहीही तिच्यापर्यंत येणार नाही. विशेष गरजा असलेल्या मुलींना महिना २०० रुपये, दहा महिने प्रोत्साहन भत्ता आहे. रक्कम फार नाही, पण यंत्राचे सेल त्यात येतात. तिचं यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) नसेल तर तेही काढायला सांगा. पहिल्या मुलाबाबतही लक्षात ठेवा, १९९५ च्या कायद्यात सातच अपंगत्वं होती, २०१६ च्या कायद्यात २१ आहेत आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता त्यात आहे. 'दिसायला तर धडधाकट आहे' हे कार्यालयात कुणी म्हणालं तर कायदा दाखवा. प्राथमिक चाळणीसाठी एनसीईआरटीचं 'प्रशस्त' ॲप २०२२ मध्ये आलंय. वर्गशिक्षकाने पहिला भाग भरायचा असतो. त्याने निदान होत नाही, पण पुढे पाठवायला हातात कागद येतो.

पिंपळपान:

एक छोटी सूचना. 'जोडीदार' म्हणून नेहमी एकाच शहाण्या मुलीला बसवतात. वही तिनेच दाखवायची, सूचना तिनेच सांगायच्या, डबा खाताना लक्ष तिनेच ठेवायचं. मी ती मुलगी होते. कंटाळा आला तरी सांगायची सोय नसते, कारण सगळे कौतुक करत असतात. दर पंधरवड्याला जोडीदार बदला. आणि ज्याला मदत होते त्यालाही कधीतरी कुणाचा तरी जोडीदार करा. तो नद्यांवाला मुलगा नकाशा भरायला तिघांना शिकवेल.

श्रवणयंत्र:

+१. आणि माझ्या जोडीदार मुलीने मला कधी चिडवू दिलं नाही, पण तिच्याशिवाय मला कुणी मैत्रीणही होऊ दिली नाही. हेतू चांगला होता तिचा.

खडूवाली:

काल-आज जे केलं ते लिहिते, म्हणजे पुढे वाचणाऱ्यांना कळेल काय जमतं आणि काय नाही.

टेबल हलवलं. यंत्राचे सेल मुख्याध्यापकांनी आणून दिले, तिच्या पालकांना बोलावलंय. मुलगी यंत्र दुपारच्या सुट्टीपर्यंत लावते, नंतर काढते. मी आग्रह केला नाही. यू-डायसवर तिची नोंद 'नाही' अशीच होती, ती दुरुस्त करायला दिलीय. पुठ्ठ्याच्या खिडक्या सगळ्यांनाच बनवायला लावल्या कार्यानुभवाच्या तासाला, त्यामुळे कुणाची वेगळी दिसत नाही. निम्म्या मुलांनी त्यातून एकमेकांना बघायचा खेळ काढला, असो. चित्रांची पट्टी लावली. पहिल्याच दिवशी शिक्षकांची सभा निघाली आणि शाळा लवकर सुटली. पट्टीत 'शाळा सुटली'चं चित्रच नव्हतं! त्याने पट्टी फाडली. आज नवीन केली, त्यात एक कोरं पानही ठेवलंय.

एकपानी तिन्ही मुलांची केली. इंग्रजीच्या सरांनी वाचली. दुसऱ्या एका सहकाऱ्यांनी 'बघतो' म्हणून खिशात घातली.

राहिली वार्षिक परीक्षा. प्रमाणपत्र यायला उशीर लागणार हे ठाणेकरीण यांच्या प्रतिसादावरून दिसतंच आहे. तोपर्यंत प्रश्नपत्रिका वाचून दाखवायची तर कुणाच्या अधिकारात?

घंटा_झाली:

पाचवीची परीक्षा शाळेतच होते, तपासणीही शाळेतच. तुमच्या एकपानीसह मुख्याध्यापकांकडे लेखी अर्ज द्या: विद्यार्थी तपासणीसाठी पाठवला आहे, तोपर्यंत प्रश्न वाचून दाखवणे व जादा वेळ मिळावा. पाठवल्याची चिठ्ठी जोडा. मुख्याध्यापकांनी त्यावर आदेश काढावा आणि एक प्रत माहितीसाठी गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवावी. वाचून दाखवणारा शिक्षक त्या विषयाचा नको. गणिताच्या पेपरला मराठीचे, मराठीच्या पेपरला गणिताचे. वेगळ्या खोलीत बसवा, नाहीतर वाचलेलं सगळ्या वर्गाला ऐकू जातं.

गटसाधनवाला:

आणि घटक चाचणीपासूनच तसं सुरू करा. थेट वार्षिकला वाचून दाखवलं तर मूल गांगरतं, प्रश्न ऐकून उत्तर लिहायची त्यालाही सवय व्हावी लागते. मराठीच्या पेपरात उतारा वाचून दाखवायचा की नाही हे आधी ठरवा. माझ्या मते दाखवू नये, कारण तिथे वाचनच तपासायचंय. फक्त प्रश्न वाचा.

ठाणेकरीण:

इथे माझं मत वेगळं आहे. आकलन तपासायचं असेल तर उताराही वाचायला हवा. वाचन वेगळं तपासा, तोंडी.

गटसाधनवाला:

यावर आमच्या केंद्रातही एकमत नाही. ताई, मुख्याध्यापकांच्या आदेशात नेमकं काय ते लिहून घ्या, म्हणजे पर्यवेक्षक ऐन वेळी वाद घालणार नाहीत. अर्जाचा आमच्याकडचा नमुना व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.